पायथनसाठीचे मुक्तस्रोत डेटाबेस ड्रायव्हर : मराठवाड्यातून सहभागी होऊ इच्छिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या तालुक्यांतून आमच्या अभ्यासगटात येणारे विद्यार्थी, तसेच साखर कारखाने, बाजार समित्या आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात ते येथे एकत्र केले आहेत. आमच्याकडील बहुतेकांचे काम पायथनमध्ये चालत असल्यामुळे उत्तरे त्याच भाषेला धरून दिली आहेत. इतर भाषांचे दाखले गरजेपुरतेच घेतले आहेत.

ड्रायव्हर म्हणजे नेमके काय? तो डेटाबेसचाच भाग नसतो का?

बहुधा नसतो. पोस्टग्रेसक्यूएल किंवा मायएसक्यूएल हा सर्व्हर स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालतो, ठरलेल्या पोर्टवर (पहिल्याचा रूढ पोर्ट ५४३२, दुसऱ्याचा ३३०६) वाट पाहतो आणि स्वतःच्या प्रोटोकॉलनुसार बाइट्सची देवाणघेवाण करतो. आपला पायथन प्रोग्राम मात्र तारीख, संख्या, मजकूर अशा पायथनच्या वस्तू हाताळतो. या दोन जगांमध्ये ये-जा करणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. काही ड्रायव्हर डेटाबेससोबत येणाऱ्या सी भाषेतील लायब्ररीवर बेतलेले असतात, जसे पोस्टग्रेसक्यूएलच्या लिबपीक्यूवर बेतलेले सायकोपीजी, तर काही थेट प्रोटोकॉल बोलतात, जसे पायमायएसक्यूएल आणि एसिंकपीजी. एसक्यूलाइटच्या बाबतीत सर्व्हरच नसतो. तेथे डेटाबेस ही आपल्या प्रोग्रामच्या आतच चालणारी लायब्ररी असते आणि तिच्यासाठीचा ड्रायव्हर २००६ मधील पायथन २.५ पासून भाषेसोबतच मिळतो.

मोंढ्यातला हमाल पोते गाडीवरून उचलून गोदामात उतरवतो तेव्हा वाटेत वजन घटता कामा नये आणि वाढताही कामा नये. ड्रायव्हरकडूनही तेवढीच अपेक्षा असते. ही अपेक्षा साधी वाटते, परंतु पुढील बहुतेक प्रश्न ती कोठे ना कोठे मोडल्यामुळे, किंवा मोडल्यासारखी वाटल्यामुळे, निर्माण झालेले आहेत.

प्रत्येक ड्रायव्हर वेगळा असेल तर एकाचा अभ्यास दुसऱ्याला कसा उपयोगी पडेल?

पायथनमध्ये डेटाबेस ड्रायव्हरांसाठी पेप २४९ (पायथनच्या सुधारणा-प्रस्तावांच्या मालिकेतील दस्तऐवज) नावाचा करार आहे. १९९९ पासूनच्या या दस्तऐवजाचे लेखक मार्क-आंद्रे लेम्बुर्ग आहेत. कनेक्शन कसे उघडावे, कर्सर (क्वेरी चालवून ओळी आणणारी वस्तू) कसा मिळवावा, क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) कशी चालवावी, ओळी कशा आणाव्यात आणि कोणत्या चुकीला कोणता एक्सेप्शन वर्ग द्यावा, हे त्यात सांगितले आहे. तो एका बैठकीत वाचून होतो. आमच्या गटात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तो प्रथम संपूर्ण वाचायला सांगतो, कारण ड्रायव्हरांच्या कामात पुढे होणाऱ्या निम्म्या चर्चा त्यातील एखाद्या वाक्याच्या अर्थावर अडतात.

येथे एक फरक लक्षात घ्यावा. पर्लमध्ये टिम बन्स यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात उभारलेले डीबीआय किंवा गो भाषेतील डेटाबेस-एसक्यूएल पॅकेज हा प्रत्यक्ष चालणारा सामाईक कोड आहे आणि ड्रायव्हर त्याच्या खाली बसतो. पेप २४९ हा केवळ कागद आहे, त्याची सक्ती करणारा कोड नाही. त्यामुळे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला मोकळीक मिळते आणि वापरणाऱ्याच्या वाट्याला विसंगती येते. क्वेरीत मूल्यांसाठी जागा सोडण्याच्या तब्बल पाच पद्धती या कराराने मान्य केल्या आहेत : एसक्यूलाइटचा ड्रायव्हर प्रश्नचिन्ह वापरतो, सायकोपीजी टक्केचिन्ह वापरते. एवढ्या पर्यायांना मान्यता देणे हा त्या काळातील तडजोडीचा भाग होता असे आमचे मत आहे, परंतु आज ते बदलण्याची शक्यता जवळजवळ नाही, कारण लाखो ओळींचा कोड त्यावर उभा आहे.

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सी भाषा जेमतेम येते. माझा काही उपयोग होईल का?

होईल, आणि तो कोड लिहिण्याआधीच होईल. कोणत्याही चालू ड्रायव्हरच्या प्रकल्पात अनेक तक्रारी अशा असतात की त्या नोंदवणाऱ्याने 'चालत नाही' एवढेच लिहिलेले असते. मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) ती अडचण स्वतःच्या संगणकावर दिसत नाही, तोवर तो काहीही करू शकत नाही. अशी एक तक्रार निवडावी, डेटाबेसची आणि ड्रायव्हरची नेमकी तीच आवृत्ती बसवावी आणि अडचण पुन्हा घडवून दाखवणारा सर्वांत लहान प्रोग्राम तयार करावा. त्यात टेबल तयार करणारी ओळ, एखाद-दोन नोंदी, एक क्वेरी, अपेक्षित उत्तर आणि प्रत्यक्ष मिळालेले उत्तर असावे. ज्या ओळीवाचूनही अडचण कायम राहते ती ओळ काढून टाकावी. दोनशे ओळींचा प्रोग्राम बारा ओळींवर आला की बहुतेक वेळा कारण आपोआप दिसू लागते.

त्यानंतर तोच प्रोग्राम वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालवून पाहावा. पोस्टग्रेसक्यूएलच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो, म्हणजे कोणत्याही वेळी पाचेक आवृत्त्या वापरात असतात. त्यांपैकी कोणत्या आवृत्तीपासून वर्तन बदलले हे सांगता आले तर मेंटेनरचा शोध पुष्कळच आखूड होतो. अपेक्षित वर्तन सांगणारी, आज नापास होणारी चाचणी लिहून दिली, तर दुरुस्ती दुसऱ्या कोणी केली तरी ती चाचणी प्रकल्पात कायम राहते. आमच्या मते नवागताचे सर्वांत टिकाऊ योगदान हेच आहे.

मात्र केवळ आपल्या नावावर योगदान दिसावे म्हणून स्वल्पविराम बदलणाऱ्या पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्यावा अशा विनंत्या) पाठवू नयेत. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (मुक्तस्रोत योगदानाला प्रोत्साहन देणाऱ्या ऑक्टोबरमधील वार्षिक उपक्रमात) अशा निरर्थक रिक्वेस्टांचा एवढा पूर आला की आयोजकांना नियम बदलून प्रकल्पांची आधी संमती घ्यावी लागली. त्या पुरात भारतीय विद्यार्थ्यांचा वाटा होता, हे आपण मान्य केलेले बरे.

कनेक्शन झाले, नोंद टाकली, चूक आली नाही. तरी टेबल रिकामेच दिसते. हा बग नोंदवू का?

नोंदवू नये. पेप २४९ नुसार आपोआप कमिट होणे (केलेले बदल आपोआप कायम होणे) सुरुवातीला बंद असले पाहिजे. कमिट न करता कनेक्शन बंद केले की बदल मागे घेतले जातात. पायथनसोबत येणाऱ्या एसक्यूलाइट ड्रायव्हरचे वर्तन मात्र दीर्घकाळ याहून गुंतागुंतीचे होते. पायथन ३.६ पूर्वी टेबलाची रचना बदलणारी आज्ञा दिली की अर्धवट व्यवहार गुपचूप कमिट होत असे आणि करारातील वर्तन सरळपणे निवडण्याची सोय २०२३ मधील पायथन ३.१२ मध्ये आली. जुने वर्तन अजूनही मूळ पर्याय म्हणून ठेवले आहे, यावरून ड्रायव्हरमध्ये काहीही बदलताना जुन्या वापरकर्त्यांचा किती विचार करावा लागतो ते कळते.

मराठी मजकूर साठवला की बिघडतो. हा ड्रायव्हरचा दोष आहे का?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक वेळा येतो. येथे मराठी वापरकर्ता जगातील मेंटेनरांना खरोखर उपयोगी पडू शकतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम बिघाडाचे रूप पाहावे. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल, तर वाटेत कोठेतरी देवनागरी न ओळखणाऱ्या अक्षरसंचात रूपांतर झाले आहे आणि मूळ मजकूर बहुधा कायमचा गेला आहे. मायएसक्यूएलमध्ये ८.० पूर्वी मूळ संच लॅटिन-१ होता आणि २०१८ मधील ८.० पासून तो यूटीएफ८एमबी४ झाला, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर ही अडचण अधिक आढळते. प्रश्नचिन्हांऐवजी विचित्र स्वरचिन्हे लावलेल्या रोमन अक्षरांची माळ दिसत असेल, तर यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर बाइटांत साठवण्याची पद्धत) बाइट्स चुकीच्या संचातून वाचले गेले आहेत आणि असा मजकूर अनेकदा उलट्या क्रमाने जाऊन परत मिळवता येतो. तिसरे रूप आपल्याकडील कचेऱ्यांत आणि छापखान्यांत नेहमी भेटते : शिवाजी किंवा सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर. तो पडद्यावर मराठी दिसतो, परंतु साठवलेले संकेत रोमन अक्षरांचेच असतात. ड्रायव्हर ते जसेच्या तसे परत देतो, म्हणजे आपले काम चोख करतो. अशा वेळी उपाय फॉन्ट-रूपांतराचा आहे.

मायएसक्यूएलमधील जुना 'यूटीएफ८' संच एका अक्षरसंकेताला तीनच बाइट देतो हे अनेकांना ठाऊक असते आणि त्यामुळे मराठी बिघडते असा समज पसरलेला आहे. देवनागरीचे सर्व नेहमीचे संकेत तीन बाइटांत बसतात. त्या संचात न बसणारी गोष्ट म्हणजे इमोजी, आणि ग्राहकाच्या अभिप्रायात मजकुराशेजारी हात जोडल्याचे चिन्ह आले की नोंद फेटाळली जाते किंवा तुटते. 'मराठीत चूक येते' असे नोंदवण्याआधी ते चिन्ह काढून पाहावे.

लांबीचाही गोंधळ होतो. 'विद्यार्थी' या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, युनिकोडच्या हिशेबाने दहा संकेत असतात आणि यूटीएफ-८ मध्ये तीस बाइट होतात. पोस्टग्रेसक्यूएल आणि मायएसक्यूएल स्तंभाची मर्यादा संकेतांत मोजतात. ओरॅकलमध्ये मात्र वेगळे सांगितले नाही तर ती बाइटांत मोजली जाते, त्यामुळे वीसच्या स्तंभात हा शब्द मावत नाही. ड्रायव्हर बदलताना चाचणीच्या नोंदींमध्ये असे शब्द मुद्दाम घालावेत. केवळ रोमन अक्षरांवर चाचणी करणाऱ्याला या तिन्ही संख्या सारख्याच दिसतात आणि चूक लपून राहते.

सर्वांत कठीण प्रकरण 'ऱ'चे आहे. 'गोऱ्हे', 'कुऱ्हाड', 'दऱ्या' या शब्दांतील रफारासारखा अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो : ०९३१ या क्रमांकाचा स्वतंत्र ऱ घेऊन पुढे हलन्त, साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि पुढे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. कोणता प्रकार उमटेल हे कीबोर्डवर अवलंबून असते, त्यामुळे तलाठी कार्यालयाच्या संगणकावर टंकलेले आडनाव मोबाइलवरून शोधले की सापडत नाही आणि एकमेव असावा अशा स्तंभात तेच नाव दोनदा बसते. यांतील पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाण रूपात आणले की एक होतात. तिसरा होत नाही, त्याचा वेगळा विचार करावा लागतो. हे काम प्रोग्रामने मजकूर साठवण्यापूर्वी करायचे असते. ड्रायव्हरने परस्पर असे रूपांतर करावे, अशी मागणी आमच्याच गटातून एकदा पुढे आली होती. ती आम्ही मान्य केली नाही, कारण दिलेले बाइट न बदलता पोचवणे ही ड्रायव्हरची पहिली अट आहे आणि डिजिटल सही केलेल्या मजकुरात एक संकेत बदलला तरी सही खोटी ठरते.

भारतीय वेळेमुळे काही अडचणी येतात का?

येतात, आणि त्या शोधण्यासाठी भारतात बसलेला माणूस सोयीचा असतो. आपली वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. हा फरक पूर्ण तासांत असतो असे नकळत गृहीत धरणारा कोड युरोपात वर्षानुवर्षे सुरळीत चालू शकतो. पोस्टग्रेसक्यूएलचा वेळक्षेत्रासह असलेला प्रकार प्रत्यक्षात वेळक्षेत्र साठवत नाही. तो क्षण जागतिक वेळेत साठवतो आणि परत देताना सत्राच्या वेळक्षेत्रात दाखवतो. पेरणीची किंवा ऊसतोडीची तारीख मध्यरात्रीची वेळ जोडून अशा प्रकारात ठेवली आणि जागतिक वेळेत वाचली, तर ती आदल्या दिवशीची सायंकाळची साडेसहा अशी मिळते आणि अहवालात तारीख एक दिवस मागे जाते. येथे दोष तारखेसाठी चुकीचा प्रकार निवडणाऱ्याचा असतो.

जुन्या तारखांमध्ये ड्रायव्हरचीही परीक्षा होते. वेळक्षेत्रांच्या प्रमाण माहितीत 'आशिया-कोलकाता' या क्षेत्रासाठी १९०६ पूर्वीचे फरक मिनिटांत नव्हे तर सेकंदांपर्यंत दिलेले आहेत. सर्वांत जुना पाच तास, त्रेपन्न मिनिटे, अठ्ठावीस सेकंद असा आहे. पायथनमध्ये ३.७ पूर्वी वेळेचा फरक पूर्ण मिनिटांतच ठेवता येत असे, त्यामुळे ड्रायव्हरला सेकंद गाळावे किंवा गोल करावे लागत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतीय घड्याळे तासभर पुढे होती, तेही त्याच माहितीत आहे. निजामी राजवटीतील मराठवाड्याची घड्याळे प्रत्यक्षात काय दाखवत होती हा इतिहासाच्या अभ्यासकांचा विषय आहे. ड्रायव्हरने मात्र डेटाबेसने दिलेला क्षण तसाच पोचवला पाहिजे. १९०० च्या सुमाराची एक आणि १९४३ ची एक अशा दोन नोंदी चाचणीत घालणे कठीण नाही.

सोयाबीनचा दर किंवा पतसंस्थेतील शिल्लक कोणत्या प्रकारात यावी?

डेटाबेसमध्ये स्तंभ दशमान संख्येचा असेल तर पायथनमध्ये डेसिमल वस्तूच मिळाली पाहिजे, फ्लोट नव्हे. एसक्यूलाइटमध्ये खरा दशमान प्रकारच नाही. तेथे रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवावी.

मूल्ये क्वेरीत जोडण्याऐवजी वेगळी का द्यावीत? आणि तरीही धोका राहतो का?

मूल्य थेट क्वेरीच्या मजकुरात चिकटवले की वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर आज्ञा म्हणून चालू शकतो. एसक्यूएल इंजेक्शन ते हेच. म्हणून जागा सोडून मूल्ये स्वतंत्रपणे द्यावीत. ती जागा भरण्याचे काम कोण करतो यावर मात्र बरेच अवलंबून असते. सायकोपीजी २ मूल्ये स्वतःच सुरक्षितपणे मजकुरात बसवून पूर्ण क्वेरी सर्व्हरकडे पाठवते. २०२१ मध्ये आलेली सायकोपीजी ३ क्वेरी आणि मूल्ये वेगळी पाठवते आणि जोडणी सर्व्हर करतो. दुसरी पद्धत अधिक स्वच्छ आहे, परंतु तिच्यामुळे जुना काही कोड अडतो. उदाहरणार्थ, यादी देण्यासाठी 'इन'च्या पुढे टपल देण्याची जुनी सवय तेथे चालत नाही, तेथे 'एनी' वापरावे लागते. स्थलांतराच्या काळात अशा ठिकाणांची नोंद करणारे दस्तऐवज लिहिणे हेही उपयोगी योगदान आहे.

मूल्ये वेगळी दिली म्हणजे सर्व काही सुरक्षित झाले, असेही नाही. जावाच्या पोस्टग्रेसक्यूएल ड्रायव्हरमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड झालेला सीव्हीई-२०२४-१५९७ (सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीतील क्रमांक) हा दोष प्रत्येकाने अभ्यासावा. मूल्ये ड्रायव्हरनेच मजकुरात बसवायची, अशी एक साधी पद्धत त्या ड्रायव्हरमध्ये मुद्दाम निवडता येते. मूळ मांडणीत ती बंद असते. ती चालू असताना क्वेरीत उणे चिन्हाला लागून संख्येची जागा असेल आणि तेथे ऋण संख्या आली, तर दोन उणे चिन्हे शेजारी येतात. एसक्यूएलमध्ये दोन उणे चिन्हांच्या पुढचा भाग टिप्पणी मानला जातो. त्याच ओळीत पुढे मजकुराचे मूल्य असेल तर त्याचे उघडणारे अवतरणचिन्ह टिप्पणीत गडप होते आणि नव्या ओळीनंतरचा मजकूर आज्ञा बनतो. एवढ्या जुन्या, जगभर तपासलेल्या ड्रायव्हरमध्ये एका उणे चिन्हाने दार उघडले!

असा दोष आपल्याला सापडल्यास तो सार्वजनिक इश्यूमध्ये (तक्रारीच्या नोंदीत) लिहू नये. बहुतेक प्रकल्पांत सुरक्षेसाठी खासगी कळवण्याचा मार्ग दिलेला असतो. तो वापरावा आणि दुरुस्ती प्रसिद्ध होईपर्यंत गटातही त्याची चर्चा करू नये.

गावाकडे वीज जाते आणि इंटरनेट मंद आहे. तयारी कशी करावी?

डेटाबेस सर्व्हर स्वतःच्या संगणकावर बसवावा. चाचण्यांना इंटरनेट लागत नाही. कंटेनर वापरत असल्यास लागणाऱ्या आवृत्त्या महाविद्यालयात किंवा शहरात असताना एकदाच उतरवून घ्याव्यात. वीज गेली तरी लिहिलेले राहावे म्हणून गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) लहान लहान कमिट करावेत. सायकोपीजी मूळ कोडपासून बांधताना 'पीजी-कॉन्फिग सापडत नाही' अशी चूक जवळजवळ प्रत्येकाला येते. तिचा अर्थ लिबपीक्यूच्या विकासासाठीचे पॅकेज बसवलेले नाही एवढाच असतो. सर्व आवृत्त्यांवरील मोठी तपासणी प्रकल्पाच्या स्वयंचलित यंत्रणेवर सोपवावी. सार्वजनिक प्रकल्पांना गिटहबवर ती विनामूल्य मिळते.

माझे इंग्रजी कच्चे आहे. मेंटेनरांशी बोलणार कसे?

आखूड वाक्ये लिहावीत. बारा ओळींचा चालणारा प्रोग्राम सोबत असेल तर तीन वाक्ये पुरतात, आणि तो नसेल तर अस्खलित इंग्रजीची तीन पानेही अपुरी पडतात. अनेक मेंटेनरांची मातृभाषा इंग्रजी नसते. आमच्या गटात आम्ही अडचण आधी मराठीत एकमेकांना समजावून सांगतो. जे मराठीत सांगता येत नाही ते बहुधा समजलेलेच नसते.

ग्राहकाच्या डेटाबेसवरच चूक दिसते. तोच डेटा जोडून पाठवला तर?

कदापि पाठवू नये. शेतकऱ्यांची नावे, गट क्रमांक, बँक खाती, आधार क्रमांक हे आपल्या मालकीचे नाहीत, आणि इश्यूत टाकलेली फाइल पुढे पुसली तरी तिच्या प्रती उरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अशा माहितीच्या हाताळणीची जबाबदारी घातलेली आहे. चूक मूल्याच्या ज्या गुणधर्मामुळे येते तो गुणधर्म शोधून काढावा, जसे 'ऱ', शून्य तारीख किंवा अतिशय मोठी संख्या, आणि तेवढाच असलेली कल्पित नोंद तयार करावी. मायएसक्यूएलमधील सर्व शून्यांची तारीख हे त्याचे चांगले उदाहरण आहे. पायथनमध्ये वर्ष एकपासून सुरू होत असल्यामुळे ती तारीख तेथे अस्तित्वातच येऊ शकत नाही. काही ड्रायव्हर तिच्या जागी 'नन' (पायथनमधील रिक्त मूल्य) देतात, काही मूळ मजकूर देतात. एका कल्पित ओळीवर हे सर्व दाखवता येते.

परवान्याचे काय पाहावे?

आपण कोणत्या परवान्याखाली कोड देत आहोत आणि दुसऱ्या प्रकल्पातून उचललेला तुकडा त्यात चालतो का, एवढे पाहावे. पायमायएसक्यूएल एमआयटी परवान्याखाली आहे, मायएसक्यूएलक्लायंट जीपीएलखाली, सायकोपीजी एलजीपीएलखाली आणि एसिंकपीजी अपाचे २.० खाली. मायएसक्यूएलक्लायंटमधील कोड पायमायएसक्यूएलमध्ये चिकटवता येणार नाही, जरी दोन्ही एकाच डेटाबेससाठी असले तरी. काही प्रकल्प कराराची मागणी करतात. पायथनसोबतच्या एसक्यूलाइट ड्रायव्हरमध्ये बदल सुचवायचा असेल तर पायथनचा योगदानकर्ता करार मान्य करावा लागतो. नोकरीत असणाऱ्यांनी मालकाची परवानगी लेखी घ्यावी, कारण नेमणूकपत्रात अनेकदा सर्व कोड कंपनीचा असे कलम असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पॅच (कोडमधील बदल) लिहून घेतला तर चालेल का?

प्रकल्पाचे धोरण आधी वाचावे. काही प्रकल्पांनी असा पॅच सरळ नाकारला आहे. जेथे मनाई नाही तेथेही प्रत्येक ओळीचे कारण विचारल्यावर स्वतः सांगता आले पाहिजे. डेटाबेस ड्रायव्हरच्या कामात अशा साधनांकडून आम्हाला वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे अस्तित्वात नसलेले पर्याय आत्मविश्वासाने सुचवणे. चाचणी चालवून न पाहता असा पॅच पाठवणे म्हणजे आपले श्रम वाचवून मेंटेनरचे वाढवणे होय.

माझी पुल रिक्वेस्ट दोन महिने पडून आहे. दुर्लक्ष होत आहे का?

बहुधा नाही. जगभर वापरले जाणारे कित्येक ड्रायव्हर एक-दोन माणसे नोकरी सांभाळून चालवतात. महिनाभराने एक सौम्य आठवण द्यावी, तीही काही नवी माहिती जोडून : मुख्य शाखेशी जुळवून घेतले, नव्या आवृत्तीवर चाचणी केली, असे काही. बदल मोठा असेल तर तो आधीच चर्चेत मांडायला हवा होता. आता त्याचे स्वतंत्रपणे तपासता येतील असे तुकडे करावेत. नकार आला तर कारण विचारावे, वाद घालू नये. ज्या सोयीचा वापर आपल्यालाच होणार आहे ती सोय मेंटेनरला पुढील दहा वर्षे सांभाळायची असते.

काही प्रकल्प बाहेरचा कोड मुळातच घेत नाहीत. एसक्यूलाइटचा कोड सर्वांसाठी खुला, किंबहुना सार्वजनिक मालकीचा आहे, तरी त्यात बाहेरून येणारे पॅच सामान्यतः स्वीकारले जात नाहीत; नेमकी तक्रार मात्र तेथे आस्थेने पाहिली जाते.

यातून पैसे मिळतात का?

थेट क्वचितच. २००५ पासून चालणाऱ्या गुगल समर ऑफ कोडमध्ये पोस्टग्रेसक्यूएलसह अनेक प्रकल्प सहभागी झाले आहेत आणि २०२२ पासून त्यासाठी विद्यार्थी असण्याची अट राहिलेली नाही. नोकरीच्या मुलाखतीत मात्र स्वीकारलेली एक दुरुस्ती आणि तिच्यावरील चर्चा दाखवता आली, तर पुण्याच्या उमेदवारापुढे लातूरचा उमेदवार मागे पडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही वापरत असलेल्या ड्रायव्हरची देखभाल थांबली आहे. आम्हीच तो पुढे चालवावा का?

आधी मूळ लेखकाला लिहून हक्क वाटून घेण्याची तयारी आहे का ते विचारावे. अनेकदा माणूस थकलेला असतो, विरोधात नसतो. उत्तर आलेच नाही तर परवान्याने फोर्क करण्याची (कोडची प्रत घेऊन ती स्वतंत्रपणे पुढे चालवण्याची) मुभा दिलेली असते. मायएसक्यूएलक्लायंट हा याचा सुप्रसिद्ध दाखला आहे. मायएसक्यूएलडीबी या जुन्या ड्रायव्हरला पायथन ३ चा आधार नव्हता, म्हणून त्याचा फोर्क निघाला, आणि आज जँगो या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कच्या दस्तऐवजात मायएसक्यूएलसाठी त्याचीच शिफारस आहे. या फोर्कने आत बोलावण्याचे मॉड्यूलचे नाव जुनेच ठेवले, त्यामुळे वापरकर्त्यांना कोड बदलावा लागला नाही. पॅकेजचे जुने नावच हवे असेल तर पायथनच्या पॅकेज भांडारात त्यासाठी पेप ५४१ मध्ये रीत ठरवून दिली आहे : आधी लेखकाशी संपर्काचे प्रयत्न दाखवावे लागतात, चालू असलेला फोर्क दाखवावा लागतो, आणि निर्णय भांडाराचे व्यवस्थापक घेतात. तो मिळेपर्यंत वेगळ्या नावाने आवृत्त्या काढत राहाव्यात, आणि किमान दोन माणसांकडे प्रसिद्धीचे हक्क ठेवावेत.